बाहुलीलाही म्हातारपण हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

१ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाला आमचा गट हाताने शिवलेल्या बाहुल्यांचे प्रदर्शन भरवतो आहे, ही चार ओळींची बातमी आपण छापलीत, त्याबद्दल आभार. बातमी छोटी होती, पण तिने प्रश्न बरेच उठवले. काहींनी ते मला सरळ विचारले, काहींनी दुसऱ्यांच्या तोंडून पाठवले. 'एवढा गंभीर विषय, आणि बाहुल्या कसल्या मांडता?' हा एक. 'लहान मुलांना आणलेले चालेल का?' हा दुसरा. आणि आवाज खाली आणून विचारलेला तिसरा: 'त्या बाहुल्या शिवणार कोण? म्हणजे... हात लावला तर चालेल ना?'

मी कापडी बाहुल्या करायला शिकवते. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो खरे तर सुईचा प्रश्न आहे आणि सुईबद्दल मला चार गोष्टी कळतात.

शिवताना सुई टोचतेच. नवख्याला रोज टोचते, मुरलेल्याला गप्पांच्या नादात टोचते. समजा, एचआयव्ही असलेल्या माणसाला टोचली आणि रक्ताचा थेंब मांजरपाटावर पडला. तो वाळतो, आणि वाळता वाळता त्यातला विषाणू निकामी होत जातो. शरीराबाहेर तग धरणे त्याला जमत नाही. कापडाला हात लावून, बाहुलीला उचलून, पोराने तिला कुशीत घेऊन झोपूनसुद्धा एचआयव्ही होत नाही. रुग्णालयात इंजेक्शनची पोकळ सुई, तिच्यात एचआयव्ही असलेले ताजे रक्त, आणि ती नर्सच्या बोटात घुसली, तरीही संसर्गाची शक्यता हजारात सुमारे ३ इतकीच मोजली गेली आहे. शिवणाच्या सुईला तर पोकळीच नसते. तरी आमच्याकडे प्रत्येकाची सुई, अंगुस्तान आणि टाचण्यांची उशी वेगळी असते. त्याचे कारण एचआयव्ही नाही. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो, आणि तो कोणाच्या अंगात आहे हे कोणाच्या कपाळावर लिहिलेले नसते. नियम सरसकट सगळ्यांना आहे, त्यामुळे कोणाकडे बोट जात नाही.

आता, बाहुल्याच का? दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात गेल्या शतकाच्या अखेरीस एचआयव्हीने कहर मांडला होता. तेव्हा डर्बनमधल्या केट वेल्स या डिझाइनच्या प्राध्यापिकेने खेड्यापाड्यांतल्या मणीकाम करणाऱ्या झुलू स्त्रियांना बरोबर घेऊन 'सियाझामा' हा प्रकल्प उभा केला. शरीरसंबंधांविषयी बाईने चारचौघांत बोलायचे नाही, असा त्या समाजातला दंडक होता. पण मण्यांच्या रंगांतून निरोप धाडायची रीत त्यांच्याकडे जुनीच. मग जे तोंडाने बोलता येत नव्हते ते त्यांनी मण्यांच्या बाहुल्यांकडून बोलून घेतले. कार्यशाळेत आधी आजाराची माहिती असायची आणि मग हातात मणी यायचे, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आम्ही तोच उचलला आहे. आधी समुपदेशक येऊन तासभर बोलतात, वाटेल ते विचारून घेता येते, मग कात्री हातात घ्यायची.

यात बाहुलीची म्हणून एक सोय आहे. भिंतीवरचा फलक माणूस वाचतो, मान हलवतो आणि पुढे जातो. बाहुली हातात दिली की तो विचारतो, 'हिला काय झालंय?' 'मला झालं असेल का?' हा प्रश्न त्याच्या ओठांवर येत नाही, येणारही नाही. पण 'हिचं लग्न होईल का?', 'हिला मूल झालं तर?', 'हिच्या नवऱ्याला सांगायलाच हवं का?' असे तो बाहुलीच्या नावावर खुशाल विचारतो. आमच्या शिवणाच्या खोलीत हे मी पाहत आले आहे. जी मंडळी समुपदेशकांसमोर गप्प बसतात, ती बाहुलीचे केस शिवताना तिच्या आडून सगळे विचारतात. याला पोरखेळ म्हणायचे असेल तर म्हणोत बापडे.

आमच्यात वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर, आणि हे पत्र खरे तर त्यासाठीच लिहिते आहे.

नियोजनाच्या पहिल्या बैठकीत जे नमुने आले, त्यांतल्या बहुतेक बाहुल्या मरणपंथाला लागलेल्या होत्या. खोल गेलेले डोळे, काड्यांचे हातपाय, राखाडी कापड, एक तर चक्क अंथरुणाला खिळलेली. करणाऱ्यांचा हात चांगला होता, टाके बारीक होते, आणि हेतूबद्दल तर शंकाच नाही. 'लोक घाबरले तरच काळजी घेतील,' असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे की घाबरलेला माणूस काळजी घेत नाही, तो तपासणी टाळतो. ज्या निदानाचा शेवट राखाडी बाहुली आहे, ते निदान कोण स्वतःहून करून घ्यायला जाईल?

त्या बैठकीत कोणीतरी अमेरिकेतल्या 'एड्स स्मृती गोधडी'चा दाखला दिला. दाखला मोठा आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून ती निघाली. गेलेल्या माणसाच्या नावाने आप्तांनी शिवलेला कापडाचा एकेक तुकडा, ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या हिरवळीवर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज सुमारे ५०,००० आहेत. मी स्वतः सुईदोऱ्याची बाई असल्याने तिची छायाचित्रे पाहताना माझ्या घशाशी येते. पण १९८७ साल काय होते ते आठवा. झिडोव्हुडिन हे पहिले औषध त्याच वर्षी मान्य झाले होते, आणि ते एकटे दिले की विषाणू थोड्याच काळात त्याला दाद देईनासा होई. माणसे खरोखर जात होती, आणि काहींचे अंत्यविधी करायलाही कोणी तयार होत नसे. त्या काळाने शोकाची गोधडी शिवली, ते योग्यच केले. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटले. आधी रोज मूठभर गोळ्या, त्याही वेळा सांभाळून; आता पुष्कळांना दिवसाला एक गोळी पुरते. २००४ च्या आसपास जगात एड्सशी संबंधित आजारांनी वर्षाला सुमारे २१ लाख माणसे मरत होती. २०२३ मध्ये तो आकडा सुमारे ६ लाख ३० हजारांवर आला. हाही थोडा नाही, पण २०२३ अखेर एचआयव्हीसह जगणारी माणसे जवळपास ४ कोटी होती आणि त्यांतली ३ कोटींहून अधिक औषधे घेत होती, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा. वेळेवर निदान झाले, गोळी चुकवली नाही, तर बहुतेकांना एड्सच्या अवस्थेपर्यंत जावेच लागत नाही.

म्हणून मी हट्ट धरला की प्रदर्शनात शिरताना पहिली बाहुली म्हातारीची असेल. एचआयव्ही असलेली, औषधे घेत पिकलेली, चष्मा लावलेली, जरा खवट चेहऱ्याची म्हातारी. आमच्या गटातल्या एकाने (कोण ते सांगणार नाही, वाक्य छापायला परवानगी आहे) या वादात मोजकेच सांगितले: 'माझी बाहुली कराल तर गुडघ्याला पट्टा शिवा. एचआयव्हीची गोळी मी जेवणानंतर विसरूनही जातो की घेतली. गुडघा मात्र विसरू देत नाही.' वाद तिथे मिटला.

म्हातारी करणे सोपे नाही, हे जाता जाता सांगते. तरुण चेहऱ्याला घट्ट मांजरपाट चालतो. म्हातारीला ताणणारे कापड लागते, जुना पायमोजा उत्तम. आत कापूस सैल भरायचा, मग लांब सुई दुहेरी दोऱ्याने नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आतून ओढत न्यायची. दोरा जितका आवळाल तितकी सुरकुती खोल. कपाळावर हात आखडता घ्यायचा, नाहीतर म्हातारी रागावलेली दिसते. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर यायला हवेत; नवशिके ते नेहमी कपाळाकडे सरकवतात आणि मग बाहुली आयुष्यभर दचकलेली राहते. मानेत काडी घालायला विसरू नये. म्हातारीची असली तरी मान ताठ हवी.

विषाणूचे काय करायचे, यावरही डोकेफोड झाली. मुलांनी शिंगे-सुळ्यांचा राक्षस विणून आणला आणि तो झालाही होता झकास. पण राक्षस मांडला की ज्याच्या अंगात तो आहे त्या माणसाकडे लोक कसे बघतील? तो राक्षस आता मुलांच्याच कपाटावर आहे. त्याच्या जागी आम्ही एक उशी करतो आहोत. आपल्या प्रतिकारशक्तीतली सीडी-४ पेशी म्हणजे ती उशी, आणि एचआयव्ही म्हणजे एक मणी. मणी ५ मिलिमीटरचा धरला तर खऱ्या प्रमाणात उशी ३५ ते ४० सेंटिमीटर व्यासाची होते. मणी उशीच्या शिवणीतून आत जातो, आणि उशी उघडली की आत मण्यांची रास. विषाणू पेशीत शिरून तिच्याकडूनच आपल्या प्रती काढून घेतो, हे सांगायला मला दुसरे काही बोलावे लागत नाही. शेजारी दोन बरण्या: निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात, तेवढी बटणे एकीत; आणि २०० च्या खाली गेल्यावर एड्सची अवस्था मानतात, तेवढी दुसरीत. बटणे मोजायचे काम मुलांना दिले आहे. राक्षस गेल्याचे दुःख त्यात जरा हलके झाले.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही जोडप्याच्या बाहुलीवर घालवला. दोघे बाकावर बसलेले, एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही, आणि कोणाला आहे हे पाहून कळत नाही. कळू नये यासाठी खपलो. औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. ही कोणाची सदिच्छा नाही. युरोपात 'पार्टनर' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ७८२ पुरुष जोडप्यांमध्ये निरोधाशिवाय आलेल्या सुमारे ७६,००० संबंधांतून एचआयव्ही असलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण होती शून्य. आधीच्या टप्प्यात स्त्री-पुरुष जोडपीही होती, तिथेही शून्य. एवढे मोठे शून्य इतक्या कमी लोकांच्या कानावर का गेले असावे, याचा मला राग येतो. म्हणून त्या बाकाच्या पाठीवर आम्ही फक्त एक शून्य भरतकामात काढले आहे. लोक विचारतील, हे काय? विचारावेच.

आईची बाहुली पोटुशी आहे. काहीच उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजण्याच्या काळात योग्य उपचार असतील तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. अॅप्रन घातलेल्या बाहुलीला २८ खिसे आहेत. धोका घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, औषधे सुरू करून २८ दिवस घेतली तर लागण टाळता येऊ शकते. प्रत्येक खिसा म्हणजे एक दिवस. पहिल्या खिशाचे बटण उघडे ठेवले आहे.

आणि हो, एका पुरुष बाहुलीच्या कोटाच्या खिशात निरोधचे पाकीट आहे. खरे पाकीट ठेवले तेव्हा ते बाहुलीच्या छातीएवढे निघाले आणि बैठकीतले सगळे हसून लोळले. आता शिवलेले छोटे ठेवले आहे. 'ते काढा, मुले येणार आहेत,' असा निरोप आला होता. मुले येणार आहेत म्हणूनच ते राहील. मोठ्या मुलांना समजेल; लहान मूल पाकीट पाहून काहीच विचारत नाही, ते बाहुलीच्या बुटांकडे बघते.

एक मालिका मात्र आम्ही मुळीच लावली नाही. तिचा आराखडा असा होता: नटवी बाई, तिच्याकडे जाणारा नवरा, घरातली बिचारी बायको, आणि शेवटी निष्पाप बाळ. ओळीने चार बाहुल्या, जणू आरोपपत्रच. बाळ निष्पाप ठरवले की बाकीचे आपोआप पापी ठरतात. विषाणूला माणसाची वागणूक कळत नाही, रक्त कळते. ज्यांनी ती मालिका सुचवली ते दुखावले आहेत आणि हे पत्र वाचून पुन्हा दुखावतील. पण त्या नटव्या बाईच्या जागी उभे राहायला आमच्या गटात कोणी तयार नव्हते, आणि आपण उभे राहणार नाही तिथे बाहुलीला तरी का उभे करायचे?

संपादक महोदय, आता आपल्याकडे दोन मागण्या. पहिली छायाचित्रांची. बाहुल्यांची वाटेल तेवढी घ्या, जवळून घ्या, टाके दिसू द्या. शिवणाऱ्यांची मात्र नको, अगदी पाठमोरीही नको. आपल्या मंडळींच्या हातात कला असते आणि 'नुसते हात दिसतील' असे ते आर्जवाने म्हणतात. पण हातावरून माणूस ओळखता येतो. आमच्या गटात काहींना एचआयव्ही आहे, काहींना नाही, काहींनी तपासलेलेच नाही, आणि कोण कशात मोडते हे मलाही सगळे ठाऊक नाही. तेच आम्हाला हवे आहे. कोणत्याही बाहुलीवर 'एचआयव्हीबाधिताने केलेली' अशी चिठ्ठी नसेल. अशी चिठ्ठी लावली की लोकांना कणव येते हे मी जाणते, कदाचित प्रदर्शनाला गर्दीही होईल. पण आज हौसेने दिलेली परवानगी उद्या घरमालक बदलला, नोकरी बदलली, मुलीचे स्थळ आले की गळ्याशी येते, आणि छापलेला कागद परत घेता येत नाही.

दुसरी मागणी: प्रदर्शनाच्या दारात तपासणीचा मंडप असावा, असे काही मान्यवरांनी सुचवले आहे, आणि आपल्या अग्रलेखानेही त्याचे स्वागत करावे असा त्यांचा आग्रह असल्याचे कळते. कृपया करू नका. मंडपात कोण गेले, किती वेळ बसले आणि कोणत्या चेहऱ्याने बाहेर आले, हे रांगेतले सगळे बघत असतात. आम्ही आतल्या खोलीत समुपदेशक बसवणार आहोत. त्याच खोलीत कापडाची कात्रणे आणि दोरेही मिळतील, म्हणजे आत शिरणारा कशासाठी गेला हे कोणालाच सांगता येणार नाही. तपासणी केंद्राची माहिती खिशात मावेल एवढ्या चिठ्ठीवर असेल आणि ती सगळ्यांनाच दिली जाईल. त्या चिठ्ठीत एक ओळ ठळक आहे: धोका घडल्यावर दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी काही सांगत नाही, शरीरात खुणा दिसायला काही आठवडे लागतात, तपासणीच्या प्रकारानुसार कधी ३ महिन्यांपर्यंत. तोवर थांबायचे आणि पुन्हा तपासायचे.

लाल फिती आम्ही तिथेच कापून देऊ. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिज्युअल एड्स' या कलाकारांच्या गटाने ती काढली आणि तिच्यावर कोणाचाच मालकी हक्क ठेवला नाही, त्यामुळे कोणाची परवानगी लागत नाही. ६ इंच फीत, मधोमध दुमडून उलट्या 'व्ही'सारखी, आणि एक टाचणी. बाहुल्यांना ती लावायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. म्हातारीला लावली होती, पण शालीच्या रंगाला शोभेना म्हणून काढली.

ज्यांना बाहुली करून पाठवायची आहे त्यांनी ती एका हाताने उचलता येईल एवढीच करावी. डोळ्यांना मणी-बटणे चिकटवू नयेत, शिवावीत किंवा भरतकामात काढावीत. प्रदर्शनात बाहुल्या हातात घ्यायच्या आहेत आणि लहान मुलांच्या तोंडात सगळे जाते. बाहुलीबरोबर तिची गोष्ट दोन-तीन वाक्यांत लिहून द्यावी. करणाऱ्याचे नाव नको.

कळावे,
आपली,
एक बाहुल्यांची शिक्षिका

ता. क. माझेही नाव छापू नये. मला लाज नाही आणि भीतीही नाही. पण माझ्याकडे शिकायला कोण कोण येते हे आसपासच्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझे नाव छापले की त्यांच्या घरी विचारपूस सुरू होईल.